लंडनमध्ये मिसळीचं दुकान काढायचंय?

लंडनमध्ये खाण्याचं दुकान काढायला निघालेला मराठी माणूस माझ्यासमोर बसला की पहिल्या पंधरा मिनिटांत हमखास विचारतो, "ताई, फायरची एनओसी कुठून काढायची?" मी सांगते, इथे ती मिळत नाही. मग तो खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि आवाज खाली आणतो. "तरी साधारण किती लागतील?"

काहीच लागत नाहीत, कारण तसा कागदच नाही. हे पटायला वेळ लागतो आणि त्यात त्याचा दोषही नाही. मी मूळची ठाण्याची. लग्नाआधी नौपाड्यात एका सीएंच्या ऑफिसात दुकानदारांची कामं करायचे. गुमास्ता, फूड लायसन्स, आरोग्य खात्याचा परवाना, अग्निशमनची ना-हरकत. फायलीत एकेक कागद लागत गेला की उद्घाटनाची तारीख जवळ येतेय असं वाटायचं. हॅरोला आल्यावर आधी हिशेब लिहायची कामं घेतली, त्यातून छोट्या उपाहारगृहांची कागदपत्रं माझ्याकडे यायला लागली आणि आता तेच मुख्य काम झालंय. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत, तेव्हा मी जे लिहितेय ते इंग्लंडपुरतं समजावं.

आगीचंच आधी सांगते. इथेही एके काळी १९७१ च्या कायद्याखाली प्रमाणपत्रं दिली जायची. १ ऑक्टोबर २००६ ला ती पद्धत बंद झाली आणि २००५ चा फायर सेफ्टी आदेश लागू झाला. त्या आदेशाने सगळा भार दुकान चालवणाऱ्यावर टाकला. आग कुठे लागू शकते, लागली तर माणसं कुठून बाहेर पडतील, तळणीच्या कढईजवळ कोणत्या प्रकारचं अग्निशामक हवं, हे तुम्हीच तपासायचं आणि लिहून ठेवायचं. पूर्वी पाचपेक्षा कमी नोकर असतील तर लेखी नोंदीची सक्ती नसायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून एकट्याने चालवलेल्या दुकानालाही ती लागते. अग्निशमन दलाचे लोक येऊन ती मागू शकतात, धोका दिसला तर दुकान बंद करू शकतात, आणि फारच बेफिकिरी असेल तर कोर्टात खेचतात.

इथल्या परवान्यांची सगळी गोम यातच आहे. ना-हरकत देणारं फारसं कोणी नाही. हरकत घेणारे मात्र पुष्कळ, आणि त्यातले निम्मे तर सरकारी नोकरीतही नसतात.

कंपनी काढणं सगळ्यात सोपं, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की आता काम झालं. कंपनीज हाउसकडे ऑनलाइन अर्ज केला की बहुधा एका दिवसात कंपनी नोंदली जाते. मे २०२४ पर्यंत त्याला अवघे १२ पौंड पडायचे, मग ५० झाले आणि फेब्रुवारी २०२६ पासून १००. सांगलीत बसलेला माणूसही संचालक होऊ शकतो; नोव्हेंबर २०२५ पासून फक्त स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते. पण कंपनीचा आणि व्हिसाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. कंपनीच्या कागदावर नाव आलं म्हणून इथे येऊन गल्ल्यावर बसता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करायला मनाई आहे. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यालाही बरीच बंधनं असतात. त्याच्यावर अवलंबून म्हणून आलेल्या जोडीदाराला मात्र स्वतःचा धंदा करायची मोकळीक आहे. त्यामुळे आमच्या भागातल्या डब्यांच्या धंद्यांच्या मालकीणबाई बहुतेक वहिनीच असतात. आयटीतला नवरा कांदे चिरून देतो, कागदोपत्री मालक म्हणून मात्र त्याचं नाव कुठेच नसतं.

अशाच एका वहिनींची गोष्ट सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. जोडपं कोल्हापूरचं, वहिनी आणि दादा. वहिनींनी आधी घरून डबे सुरू केले होते. घरच्या स्वयंपाकघरातून विकायचं असलं तरी स्थानिक कौन्सिलकडे अन्न व्यवसायाची नोंदणी करावी लागते, सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी. नोंदणी फुकट आहे, तिचं नूतनीकरण नसतं आणि कौन्सिल ती नाकारू शकत नाही. वहिनींना हे काही केल्या खरं वाटेना. "म्हणजे आधी येऊन बघत नाहीत? मग परवाना कसला?" परवाना नाहीच तो. तुम्ही कुठे आहात आणि काय शिजवता एवढंच तुम्ही कळवलेलं असतं. बघायला ते नंतर येतात, आणि येताना सांगून येत नाहीत.

डबे चालले, तेव्हा दोघांनी दुकानांच्या एका छोट्या रांगेतला गाळा घेतला. आधी तिथे वह्या-पेनांचं दुकान होतं. वर दोन मजल्यांवर घरं. १ सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये दुकान, ऑफिस, उपाहारगृह असे बरेच वापर एकाच वर्गात टाकले आहेत, त्यामुळे वह्यांच्या दुकानाचं उपाहारगृह करायला वापरबदलाची परवानगी लागली नाही. केवळ पार्सलवर चालणारं गरम खाण्याचं दुकान असतं तर लागली असती. दादांचा जीव भांड्यात पडला. पण तो फार वेळ तिथे राहिला नाही, कारण इमारतीच्या मागच्या भिंतीवरून धुराडं वर न्यायचं होतं आणि इमारतीचं बाहेरचं रूप बदलायचं तर नियोजन खात्याची परवानगी हवी.

मिसळीचा कट करताना पहिल्या पाच मिनिटांत काय होतं ते मराठी वाचकाला सांगायला नको. कांदा-लसणाचा मसाला गरम तेलात पडला की शेजारच्या घरात माणूस खोकतो. आपल्याकडे त्याला भूक लागते. इथे तो कौन्सिलला ईमेल करतो. म्हणून अर्जात धुराड्याचं तोंड छपराच्या कडेपासून किती उंच, पंख्याचा आवाज रात्री किती डेसिबल, वास शोषणारा कार्बनचा फिल्टर कोणता आणि तो किती महिन्यांनी बदलणार, हे सगळं द्यावं लागलं. परवानगी मिळाल्यावरही सुटका नसते. वासाचा किंवा आवाजाचा उपद्रव होतोय असं कौन्सिलला पटलं तर १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तो थांबवण्याची नोटीस येते. वहिनी आता कट सकाळी अकराच्या आत करून ठेवतात. वरच्या मजल्यावरची बहुतेक माणसं तेव्हा कामावर गेलेली असतात.

सगळ्यात जास्त वेळ मात्र गेला एका तक्त्यात. इथल्या कायद्यात ॲलर्जी आणणाऱ्या १४ पदार्थांची यादी आहे. त्यातलं काही तुमच्या पदार्थात असेल तर ते गिऱ्हाइकाला सांगता आलंच पाहिजे. यादीत दूध, अंडी, मासे, सोया, शेंगदाणे ही ओळखीची नावं आहेतच, पण मोहरी, तीळ आणि सेलरीही आहे. डाव्या बाजूला पदार्थ, वर चौदा रकाने असा कागद घेऊन मी आणि वहिनी ओट्यापाशी बसलो.

"मोहरी कशात कशात आहे?" मी विचारलं.

"कशात नाही ते विचारा."

मोहरीचा रकाना वरपासून खालपर्यंत भरला. शेंगदाण्यांचा जवळजवळ तसाच, कारण कूट आणि फरसाण. तीळ कांदा-लसूण मसाल्यात निघाले, म्हणजे मिसळीत आले, म्हणजे रश्श्यातही आले. मसाला कोल्हापूरहून येतो आणि त्याच्या पाकिटावर ॲलर्जीची वेगळी सूचना होती. तिच्यात तिळाचा उल्लेख नव्हता. भारतातल्या लेबलांच्या नियमांत सक्तीने जाहीर करायच्या पदार्थांची यादी वेगळी आहे, मोहरी आणि तीळ तिच्यात नाहीत. त्यामुळे तिकडच्या पाकिटावर विसंबून इकडचा तक्ता भरता येत नाही. घटकपदार्थ एकेक करून वाचावे लागतात, आणि घरगुती मसाला असेल तर तो करणाऱ्या मावशींना फोन करावा लागतो. आम्ही केला. मावशींनी आधी विचारलं, "कुणाला काय झालं का?"

मग आलं हिंग. वहिनींनी मेनूवर वरणभात, साबुदाणा वडा आणि बटाट्याच्या भाजीपुढे 'ग्लूटेन-फ्री' असं लिहून ठेवलं होतं. भाताला आणि साबुदाण्याला गहू कुठून लागणार? मी हिंगाची डबी उलटी करून त्यांच्यासमोर धरली. आपण वापरतो ते बांधानी हिंग पीठ घालून केलेलं असतं आणि बहुतेक डब्यांत ते पीठ गव्हाचं असतं. चिमूटभरच का असेना, वरणात गहू होता, भाजीत होता. साबुदाणा वडा हिंगातून वाचला, पण जिरं-मिरचीवाल्या त्या वड्याच्या कढईत आधी गव्हाचं पीठ घातलेल्या कोथिंबीर वड्या तळल्या जायच्या. वहिनींनी पेन घेतलं आणि तिन्ही ठिकाणचे शब्द खोडले. आता त्या तांदळाच्या पिठातलं हिंग शोधून आणतात आणि वड्यांसाठी कढई वेगळी ठेवतात. ओलं खोबरं नि सुकं खोबरं यादीत नाही हे शेवटी कळलं तेव्हा म्हणाल्या, "चला, देव आहे."

हसून सोडून देण्यासारखं हे प्रकरण नाही. नॉर्थ यॉर्कशरमधल्या एका भारतीय पद्धतीच्या उपाहारगृहाच्या मालकाने बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणे असलेली स्वस्त पूड वापरली. ॲलर्जी असल्याचं सांगूनही गिऱ्हाइकाला त्याच पुडीची करी गेली आणि २०१४ च्या जानेवारीत तो गेला. २०१६ मध्ये मालकाला सहा वर्षांची कैद झाली, तीही सदोष मनुष्यवधासाठी. त्याच वर्षी एका पंधरा वर्षांच्या मुलीचा सँडविचमधल्या तिळांमुळे मृत्यू झाला. पावाच्या आत तीळ आहेत हे वेष्टनावर लिहिलेलं नव्हतं. तिच्या आईवडिलांनी लावून धरलं आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून बांधून ठेवलेल्या प्रत्येक पदार्थावर संपूर्ण घटकांची यादी सक्तीची झाली. लोक त्याला त्या मुलीच्या नावावरून 'नताशाचा कायदा' म्हणतात. सकाळी करून, पिशवीत बंद करून गल्ल्याशेजारी ठेवलेल्या शंकरपाळ्यांनाही तो लागू होतो. माझ्या मते इथल्या सगळ्या कागदांत हा एक कागद असा आहे की जो कोणी मागितला नाही तरी मनापासून भरावा.

आता बिअर. दादांची इच्छा होती की झणझणीत मिसळीबरोबर गिऱ्हाइकाला एखादी थंड बाटली देता यावी. दारू विकणं हे इथे खरोखरच आधी परवाना घेण्याचं काम आहे. त्यासाठी २००३ चा लायसन्सिंग कायदा आहे. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात गरम चहा विकायलाही याच कायद्याखाली परवाना लागतो, हे सांगितलं की लोक माझी थट्टा करतात. यात दोन परवाने असतात, एक जागेचा आणि एक माणसाचा. माणसाचा दादांनी काढला. एक छोटी परीक्षा, गुन्ह्यांच्या नोंदीचा दाखला, इथे काम करायचा हक्क असल्याचा पुरावा आणि ३७ पौंड. २०१५ पासून त्याला मुदत नाही.

जागेचा अर्ज पोलीस, अग्निशमन, पर्यावरण आरोग्य, नियोजन अशा कितीतरी खात्यांकडे जातो. त्याच्याबरोबर दुकानाच्या दर्शनी काचेवर एक कागद लावावा लागतो. तो फिकट निळाच हवा, निदान ए-४ आकाराचा हवा, वर काळी अक्षरं १६ पॉइंटपेक्षा बारीक चालत नाहीत, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबून वाचता आला पाहिजे. सलग २८ दिवस. शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात. कोण, कुठे, किती वाजेपर्यंत दारू विकणार आणि हरकत कुठे कळवायची, हे त्यावर असतं. ज्याला म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

इथेच आपल्या लोकांची गल्लत होते. ते कौन्सिलमधल्या साहेबाचं नाव शोधतात. साहेबाच्या हातात फार थोडं असतं. या २८ दिवसांत योग्य हरकत आली नाही, तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो. नाही म्हणायचा अधिकारच कायद्याने त्यांना दिलेला नाही. हरकत आली आणि मिटली नाही, तर तीन नगरसेवकांसमोर सुनावणी होते. म्हणजे ज्याला भेटायचं तो माणूस वरच्या मजल्यावर राहतो.

आमच्या बाबतीत तशी एक बाई होत्याच. निवृत्त नर्स, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी दोन पानी पत्र पाठवलं. मागच्या अंगणात रात्री बाटल्या टाकल्याचा आवाज, बाहेर सिगारेट ओढत उभी राहणारी माणसं, मागचं दार उघडं राहून येणारा वास. गाड्या उभ्या करायला जागा राहणार नाही, असंही होतं. त्यावर मी खूण केली नाही, कारण या कायद्याच्या चार उद्दिष्टांत ते बसत नाही. गुन्हे रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं आणि मुलांचं संरक्षण, एवढ्यांचाच विचार होतो. शेजारच्या दुकानदाराचा धंदा बुडेल ही हरकतही चालत नाही, हे जाता जाता सांगून ठेवते.

वहिनी भडकल्या होत्या. राग ओसरल्यावर म्हणाल्या, "मी डबा घेऊन वर जाऊन येऊ का?"

"डबा नंतर न्या. आधी कागद घेऊन जा."

कागदावर आम्ही स्वतःहून काही अटी लिहिल्या. बिअर रात्री दहापर्यंतच, तीही टेबलावर बसून जेवणाऱ्यालाच. रात्री नऊनंतर बाटल्या बाहेरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, आतच क्रेटमध्ये ठेवून सकाळी काढायच्या. मागचं दार बंद. नर्सबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं, नऊच्या जागी आठ करायला लावलं आणि हरकत मागे घेतल्याचं कौन्सिलला लेखी कळवलं. अटी परवान्यात छापल्या गेल्या. त्या मोडल्या तर गुन्हा आहे, आणि परवान्याचा फेरविचार करा असा अर्ज त्या बाई कधीही करू शकतात. वहिनींना हे दडपण वाटतं. मला विचाराल तर शेजाऱ्याशी केलेला लेखी करार एखाद्या खात्याच्या शिक्क्यापेक्षा जास्त टिकतो, कारण तो रोज तपासला जातो.

कौन्सिलचे अन्न तपासनीसही आले, अर्थात न सांगता, जेवणाच्या गर्दीच्या जरा आधी. दादा कागदांची फाइल घेऊन पुढे झाले. अधिकारी बाई फाइलकडे न बघता थेट भांडी घासणाऱ्या मुलाकडे गेल्या. "उरलेल्या भाताचं काय करतोस?" शिजलेला भात बाहेर तसाच राहिला की त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणून भाताचा प्रश्न आशियाई स्वयंपाकघरात ठरलेलाच. मुलाने नीट उत्तर दिलं. पसरट ताटात लवकर गार करतो, फ्रिजमध्ये ठेवतो, दुसऱ्या दिवशी उरला तर टाकतो. गरम ठेवलेलं अन्न ६३ अंशांच्या वर, थंड ८ अंशांच्या खाली, हेही त्याला येत होतं. स्वच्छतेचे गुण कापले गेले ते रोजच्या नोंदवहीची काही पानं कोरी होती म्हणून. पाचापैकी चार मिळाले. वेल्समध्ये हे गुण दारावर लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही. पण ते इंटरनेटवर सगळ्यांना दिसतात, आणि घरपोच सेवा देणारी काही ॲप फार कमी गुणांच्या दुकानाला घेतच नाहीत.

बाकीचं थोडक्यात. एक जरी नोकर ठेवला तरी किमान ५० लाख पौंडांचा नोकरांसाठीचा विमा घ्यावा लागतो, नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड. दुकानाचा कचरा घरच्या डब्यात टाकता येत नाही, त्याचा वेगळा ठेकेदार लावायचा. दुकानात लताबाईंची गाणी लावायची तर संगीताचं वेगळं लायसन्स. उलाढाल बारा महिन्यांत ९०,००० पौंडांच्या वर गेली की व्हॅटची नोंदणी. गरम मिसळीवर २० टक्के लागतो, थंड बांधून नेलेल्या बऱ्याच पदार्थांवर शून्य, आणि हा फरक गिऱ्हाइकाला समजावण्याच्या भानगडीत पडू नये. गाळ्याचं करयोग्य मूल्य १२,००० पौंडांपर्यंत असेल आणि तुमचा तेवढा एकच गाळा असेल तर कौन्सिलचा व्यापारी कर पूर्ण माफ होऊ शकतो. पण तो मागावा लागतो. न मागता बिलात सूट आलेली मी क्वचितच पाहिली आहे.

दारूच्या जागेच्या परवान्यालाही मुदत नसते, हे ऐकून दादा फार खूश झाले होते. नूतनीकरण नाही म्हणजे कटकट संपली. पण त्याची वार्षिक फी असते. अशा मध्यम गाळ्यासाठी अर्जाला १९० पौंड आणि पुढे दर वर्षी १८०. ती भरली नाही तर परवाना निलंबित होतो आणि त्यानंतर विकलेली प्रत्येक बाटली बेकायदा ठरते. आठवणीचं पत्र येईलच असं धरून चालू नये. तारीख ऑक्टोबरात येते, ऐन फराळाच्या धांदलीत, म्हणून ती मी दादांच्या फोनमध्ये टाकलेली नाही. त्यांच्या मोठ्या मुलीच्या फोनमध्ये टाकलीय. फराळाच्या ऑर्डरी तीच घेते, त्यामुळे त्या महिन्यात तिचा फोन सतत तिच्या हातात असतो.